चमकणे : एका कोशनोंदीवरील भाष्य

मूळ नोंद

चमकणे — अक्रि.
१. एकाएकी उजळणे आणि तेवढ्यातच मावळणे. (वीज चमकली.)
२. राहून राहून उजळणे. (तारे चमकतात. नाकातली चमकी चमकते.)
३. अवचित काही ध्यानात येऊन थबकणे. (नाव ऐकून तो चमकला.)
४. (नाम, स्त्री. चमक) स्नायूत एकदम उठणारी कळ. (कमरेत चमक भरली.)
५. नजरेत भरणे, नाव होणे. (पहिल्याच स्पर्धेत ती चमकली.)
[सं. चमत् + कृ, प्रा. चमक्क, ध्व.]

नोंदीचा अधिकार

ही नोंद मराठी कोशांच्या धाटणीने मांडली आहे. ती कुठल्याही एका कोशातून उचललेली नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली वाढून पुन्हा निघाला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात आला. या कोशांनी घालून दिलेली रीत अशी : आधी शब्द, मग व्याकरण, मग क्रमांकाने अर्थ, उदाहरणे आणि शेवटी कंसात व्युत्पत्ती. हीच रीत इथे पाळली आहे.

मग या ओळी प्रमाण का मानायच्या? कंसातल्या उदाहरणांमुळे. ती वाक्ये मराठी माणसाच्या तोंडची आहेत. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच सांगून ठेवले आहे की मडके हवे असले की माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवा म्हणून कोणी वैयाकरणाच्या दारात जात नाही. याचा अर्थ, शब्द लोकांत आधीच असतो आणि शास्त्र त्याच्या मागून येते. तेव्हा अभ्यासका, व्याख्या आणि उदाहरण यांत विरोध दिसला तर उदाहरण खरे धर आणि व्याख्या पुन्हा वाच. या भाष्यात हाच दंडक आहे.

ओळ पहिली : ‘चमकणे — अक्रि.’

‘अक्रि.’ म्हणजे अकर्मक क्रियापद. क्रिया कर्त्यापाशीच संपते, ती दुसऱ्या कशावर जात नाही. कोशात ही खूण आपण नजरेआड करतो. इथे तसे करू नये, कारण अर्ध्या अर्थाची किल्ली या खुणेत आहे.

प्रकाशाची इतर क्रियापदे शेजारी ठेवून पाहा. ‘दिव्याने खोली उजळली’ असे म्हणता येते. ‘दिव्याने खोली चमकली’ असे कोणी म्हणत नाही. विजेने अंगण उजळते, चमकते ती वीजच. याचा अर्थ, चमकणाऱ्या वस्तूकडून दुसऱ्या वस्तूवर उजेड पडावा अशी या शब्दाची अपेक्षा नाही. चमक वाट दाखवत नाही, स्वतः दिसते एवढेच.

शंका : ‘तिने भांडी चमकवली’ यात कर्म आहे, मग ‘अकर्मक’ कसे? समाधान : ते ‘चमकवणे’ हे प्रयोजक रूप. घासणारी बाई कर्ती, भांडी कर्म. पण चमकण्याची क्रिया तिथेही भांड्यांपाशीच थांबते. मूळ धातूचा स्वभाव बदलत नाही.

पुढच्या दोन ओळींत ‘उजळणे’ हा शब्द अर्थ सांगायला वापरला आहे. तो सकर्मकही चालतो, अकर्मकही चालतो. ‘अक्रि.’ ही खूण आधी आल्यामुळे तिथे त्याचा अकर्मक अर्थच घ्यायचा. म्हणजे स्वतः उजळणे, दुसऱ्याला उजळणे नव्हे.

ओळ दुसरी : ‘एकाएकी उजळणे आणि तेवढ्यातच मावळणे’

‘एकाएकी’ म्हणजे पूर्वसूचना नसताना. ‘तेवढ्यातच’ म्हणजे पाहणाऱ्याची नजर स्थिर व्हायच्या आत. या ओळीचा सगळा भार मात्र ‘आणि’ या अव्ययावर आहे. नुसते ‘एकाएकी उजळणे’ पुरत नाही. बटण दाबल्यावर खोलीतला दिवा एकाएकी उजळतो, पण तो लागतो, चमकत नाही. देवापुढची समई तेवते. वात खाली गेलेला कंदील मिणमिणतो. वैशाखातला सूर्य तळपतो. यांतली एकही क्रिया ‘चमकणे’ नाही, कारण यांत मावळणे नाही. याचा अर्थ, चमकण्यात उजळणे आणि मावळणे अशी दोन्ही अंगे हवीत. एक गळाले की शब्द बदलतो.

शंका : वीज खरोखर एकदाच उजळते का? शास्त्र सांगते की ढगातून जमिनीवर येणाऱ्या एका विजेत बहुधा तीन-चार झोत असतात. ते एकाच वाटेने येतात आणि दोन झोतांमधले अंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. म्हणूनच वीज थरथरल्यासारखी दिसते. मग ‘वीज चमकली’ हे एकवचनी, एकवारचे वाक्य चुकले का?

समाधान : चुकले नाही. बोलीचे माप डोळ्याचे आहे. डोळ्याला जे एका दमात दिसले ते एक. त्याच घटनेचा आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवरच्या विजेचा आवाज पोचायला तीन सेकंद लागतात. त्या आवाजाला मराठी वेगळे क्रियापद देते : वीज कडाडली. जमिनीला भिडली तर वीज पडली. आणि दिसली तर चमकली किंवा लवली. घटना एकच, पण ती ज्या इंद्रियाला कळली त्याप्रमाणे क्रियापद ठरले.

यातल्या ‘लवली’कडे जरा थांबून पाहा. वीज लवते आणि पापणीही लवते. ‘पापणी लवते न लवते तोच’ असे आपण म्हणतो. याचा अर्थ, हा प्रकाश किती होता हे मराठी सांगत नाही, किती वेळ होता ते सांगते. हे सूत्र ध्यानात ठेव, पुढे लागेल.

ओळ तिसरी : ‘राहून राहून उजळणे’

आधी पूर्वपक्ष. तारा रात्रभर जागच्या जागी असतो. नाकातली चमकी दिवसभर नाकात असते. इथे मावळणे कुठे आले? तेव्हा हा पहिल्यापासून तुटलेला स्वतंत्र अर्थ मानावा, म्हणजे सतत तेजस्वी असणे.

उत्तर : उदाहरणे जवळून पाहा. तारा इतका दूर आहे की आपल्याला तो निव्वळ बिंदू दिसतो. त्याचा प्रकाश वातावरणातून येताना हवेचे उष्ण-थंड थर त्याला सतत इकडे-तिकडे वळवतात. बिंदूचा प्रकाश तेवढ्यानेही क्षणात वाढतो, क्षणात उणावतो. व्याधाचा तारा क्षितिजालगत असताना पाहा. तो तांबडा, हिरवा, निळा असे रंग भराभर बदलतो. गुरूचे तसे होत नाही. ग्रह जवळ असल्यामुळे त्याचे बिंब बिंदूहून मोठे असते. त्याच्या निरनिराळ्या भागांतून येणारे किरण एकमेकांची उणीव भरून काढतात आणि ग्रह स्थिर दिसतो. म्हणजे तारा दिसत राहतो हे खरे, पण त्याचे चमकणे तुटक आहे.

चमकीचेही तेच. चमकीतल्या हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२ आहे. हिऱ्यात शिरलेला किरण आतल्या पैलूवर लंबाशी सुमारे साडेचोवीस अंशांहून अधिक कोनात आपटला, तर तो बाहेर न पडता आतल्या आत परततो. पैलू पाडणारा कारागीर हे कोन असे साधतो की खाली जाणारा प्रकाश फिरून माथ्यातून बाहेर यावा. पण प्रत्येक पैलू आपला झोत एकाच दिशेला फेकतो. बाई मान वळवते, पैलू वळतो, झोत आपल्या डोळ्यावरून सरकून जातो आणि लगेच शेजारच्या पैलूचा झोत येतो. डबीत ठेवलेला खडा आपण स्थिर नजरेने पाहिला तर त्याचे तेज दिसते, पण त्याचा खेळ थांबलेला असतो. चमकीला चमकायला मानेची हालचाल लागते.

याचा अर्थ, दुसरा अर्थ म्हणजे पहिल्याचीच आवृत्ती. ‘राहून राहून’ हे शब्द तेच सांगतात : उजळणे, मावळणे, पुन्हा उजळणे. मराठीत या आवृत्तीसाठी द्विरुक्तीचे रूपही आहे : चमचमणे. अशा जोड्या आपल्या भाषेत पुष्कळ : टपकणे-टपटपणे, धडकणे-धडधडणे, झळकणे-झळझळणे, फडकणे-फडफडणे. ‘क’ लागलेले रूप एका झटक्याचे आणि दुहेरी रूप झटक्यांच्या मालिकेचे, असा सर्वसाधारण कल दिसतो.

शंका : झेंडा ‘फडकतो’ तेव्हा तो एका झटक्याने थांबत नाही. समाधान : म्हणूनच ‘कल’ म्हटले, ‘नियम’ म्हटले नाही. रूढी कलाला वाकवते. ‘तारे चमकतात’ हेही तसेच वाकलेले रूप आहे. काटेकोर बोलणारा ताऱ्यांना ‘लुकलुकतात’ म्हणतो.

आता नोंदीत न सांगितलेले पण गृहीत धरलेले : ही जागा फक्त चमकण्याची आहे, शेजाऱ्यांची नाही. दिवाळीच्या बाजारपेठेत अनेक दिवे एकदम दिसतात, ती झगमग. उपसलेल्या तलवारीचे पाते लखलखते. घासून पुसून काढलेली फरशी चकचकीत असते. तेल लावलेली कांती आणि आंब्याचे कोवळे पान तुकतुकीत असते. सोन्याला झळाळी असते आणि भाव वाढला की बातमीतही ‘सोन्याला झळाळी’ येते. मोत्याला मात्र पाणी असते. मोती चमकला असे जाणता माणूस सहसा म्हणणार नाही, कारण त्याचे तेज आतून मंद आणि एकसारखे येते. त्यात झटका नाही.

ओळ चौथी : ‘अवचित काही ध्यानात येऊन थबकणे’

इथे कर्ता बदलला. पहिल्या दोन अर्थांत जे दिसते ते चमकत होते. इथे जो पाहतो किंवा ऐकतो तो चमकतो. नोंद हे बोलून दाखवत नाही, उदाहरणातून सुचवते. नाव चमकले नाही, ऐकणारा चमकला.

‘अवचित’ म्हणजे अपेक्षा नसताना. ‘ध्यानात येऊन’ हे शब्द गाळले तर अर्थ ‘दचकणे’ होईल. तो भेद असा : दचकण्यात भीती आहे आणि ती अंगात दिसते. रात्री दार आपटले की माणूस दचकतो. चपापण्यात कुठेतरी आपण पकडलो गेल्याची जाणीव आहे. बुजणे जनावराचे : मोटारीचा आवाज झाला, बैल बुजला. चमकण्यात ओळख किंवा शंका आहे. ऐकलेल्या नावाचा मनातल्या कशाशी तरी सांधा जुळला आणि माणूस क्षणभर थांबला. चेहऱ्यावर काही न दाखवताही माणूस चमकू शकतो.

व्याकरणाची एक बारीक गोष्ट. या अर्थाने ‘मी उद्या चमकेन’ असे कोणी म्हणत नाही. ‘तो चमकत आहे’ म्हटले तर वेगळाच अर्थ निघतो. हे क्रियापद इथे जवळजवळ नेहमी भूतकाळात येते आणि मागे बहुधा ‘ऐकून’, ‘पाहून’, ‘वाचून’ असे ‘-ऊन’ प्रत्ययाचे रूप असते. याचा अर्थ, ही क्रिया योजता येत नाही आणि लांबवताही येत नाही. घडून गेल्यावरच तिला नाव मिळते.

पहिल्या आणि तिसऱ्या अर्थाच्या उंबरठ्यावर एक वाक्प्रचार उभा आहे : डोळ्यांपुढे काजवे चमकले. खरा काजवा पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या रानात झाडावर उघडमीट करतो, तो पहिल्या-दुसऱ्या अर्थाचा. पण कपाळ चौकटीवर आपटल्यावर दिसणारे काजवे बाहेर कुठेच नसतात. धक्क्याने दृष्टीची यंत्रणा चाळवली जाते आणि उजेड नसताना उजेड दिसतो. इथे धक्का आणि प्रकाश एकाच क्षणी, एकाच माणसात घडले. पहिला अर्थ आणि तिसरा अर्थ यांच्यातली भिंत किती पातळ आहे हे या वाक्प्रचारात दिसते.

ओळ पाचवी : ‘स्नायूत एकदम उठणारी कळ’

इथे नोंद क्रियापद सोडून नामाकडे वळली, कारण बोलीत या अर्थाने नाम चालते. ‘कमरेत चमक भरली’, ‘पाठीत चमक निघाली’. ‘कमर चमकली’ हा प्रयोग कमी.

‘भरली’ आणि ‘निघाली’ यांत फरक आहे का? आहे. वाकून बादली उचलताना जी कळ सुटते ती चमक निघते. त्यानंतर कंबर धरून बसते, त्या दुखण्याला ‘चमक भरली’ किंवा ‘उसण भरली’ म्हणतात. म्हणजे ‘निघणे’ क्षणाचे आणि ‘भरणे’ क्षणानंतरच्या स्थितीचे. नाव मात्र त्या क्षणावरून पडले.

आता ही ओळ महत्त्वाची का, ते पाहा. इथे प्रकाश नाही. आश्चर्य नाही. पाहणारा नाही, दिसणारे नाही. उरले काय? एकाएकी येणे आणि तेवढ्यातच जाणे. पहिल्या अर्थातून उजेड काढून घे, तिसऱ्यातून ओळख काढून घे, आणि हेच उरेल. याचा अर्थ, नोंदीतल्या पाच अर्थांना बांधणारी गोष्ट प्रकाश नव्हे, आकस्मिकता आहे. दुसऱ्या ओळीत ध्यानात ठेवायला सांगितलेले सूत्र, म्हणजे किती प्रकाश नव्हे तर किती वेळ, इथे सिद्ध होते.

ओळ सहावी : ‘नजरेत भरणे, नाव होणे’

‘तो चमकला’ एवढेच वाक्य समोर आले तर तिसरा अर्थ की पाचवा? खूण सांगतो. ‘-ऊन’ असेल तर तिसरा : बातमी वाचून चमकला. ‘-त’ असेल तर पाचवा : परीक्षेत चमकला, कुस्तीत चमकला. एवढ्यावर बहुतेक वाक्ये सुटतात.

‘नजरेत भरणे’ या शब्दांत दुसऱ्यांची नजर गृहीत आहे. शिवाय बाकीच्यांचा घोळकाही गृहीत आहे, ज्यातून एकजण उठून दिसला. आणि आकस्मिकता इथेही आहे. वर्षानुवर्षे गाणाऱ्या गवयाला आपण ‘नावाजलेला’ म्हणतो. ‘चमकली’ हे पहिल्या स्पर्धेतल्या मुलीसाठी. म्हणून उदाहरणात ‘पहिल्याच’ हा शब्द आला आहे. तो उगाच नाही.

या अर्थातून वर्तमानपत्री मराठीत ‘चमकोगिरी’ हा शब्द आला. मागे फारसीतून आलेला ‘-गिरी’ प्रत्यय आहे. जो ओढूनताणून पुढे पुढे करतो, फलकावर आपला फोटो लावून घेतो, त्याची ती चमकोगिरी. यात निंदा का आहे? ‘अक्रि.’ या खुणेकडे परत जा. चमकणे आपोआप घडते, करून आणता येत नाही. जे आपोआप घडायचे ते माणूस खटपटीने करू लागला की शब्दाच्या स्वभावाशी विरोध येतो. निंदा त्या विरोधातून आली.

ओळ सातवी : कंस

‘सं. चमत् + कृ’ म्हणजे संस्कृतातले ‘चमत्’ आणि ‘करणे’ या अर्थाचा धातू. ‘चमत्’ हा विस्मयाचा उद्गार. त्यावरून चमत्कार, चमत्कृती. संस्कृत साहित्यशास्त्रात चमत्कार म्हणजे काव्य वाचताना मनाला होणारा विस्मययुक्त आनंद. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने त्याचे दहा प्रकार केले आणि सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने काव्याच्या रमणीयतेची चर्चा याच शब्दाच्या आधाराने केली. या सगळ्या वापरात उजेड नाही.

‘प्रा. चमक्क’ म्हणजे प्राकृतातले रूप. संस्कृतातला ‘त्क’ प्राकृतात ‘क्क’ होतो : सत्कार-सक्कार, उत्कंठा-उक्कंठा. तसेच चमत्कार-चमक्कार. पुढे मराठीत एक ‘क’ गळाला आणि ‘चमक’ उरली. ध्वनीच्या बाजूने वाट सरळ आहे.

‘ध्व.’ म्हणजे ध्वन्यनुकारी, आवाजाची किंवा झटक्याची नक्कल करून बनलेला. इथे वाचनाचे दोन पर्याय आहेत. पहिला : स्वल्पविरामानंतरचा ‘ध्व.’ हा विकल्प आहे, म्हणजे शब्द एकतर संस्कृतातून आला किंवा अनुकरणातून. दुसरा : ‘ध्व.’ हे ‘चमत्’चेच स्पष्टीकरण आहे. मला दुसरे वाचन ग्राह्य वाटते. कारण ‘चमत्’ला दुसरा धातू दाखवता येत नाही, तो अनुकरणच आहे. अनुकरणवाचक शब्दाचा ‘कृ’शी संबंध पाणिनीलाही मान्य आहे, त्यासाठी त्याने स्वतंत्र सूत्र केले आहे. हुंकार, फूत्कार, सीत्कार हे सारे त्याच घडणीचे.

अनुकरण कशाचे? संस्कृतचे अभ्यासक वे. राघवन यांनी असे सुचवले की काही चविष्ट, झणझणीत चाखताना जीभ टाळ्याला लागून जो आवाज निघतो त्याचे. मराठी वाचकाला इथे ‘चमचमीत’ आठवेल. पुरावा म्हणून एवढे पुरत नाही, पण चव, धक्का आणि विस्मय एका शब्दात नांदतात याला या शब्दाने बळ मिळते.

दोन सापळे टाळावेत. ‘चकमक’ या शब्दाशी याचे नाते नाही. तो तुर्की ‘चाकमाक’वरून आला. तो आधी ठिणगी पाडण्याचा गारगोटीचा दगड, मग ठिणग्यांसारखी उडालेली लढाई. आणि रुद्रपाठातील ‘नमक-चमक’ जोडीतला ‘चमक’ही वेगळा. त्या भागात ‘च मे’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात म्हणून त्याला ते नाव पडले. रूप सारखे म्हणून कूळ एक होत नाही.

सिद्धांत

आता नोंद पुन्हा वरपासून वाच. पहिल्या वाचनाला वाटते की उजेड हा मूळ अर्थ आणि माणसाचे चमकणे हे त्यावरचे रूपक. कंस वाचल्यावर उलटे दिसते. संस्कृतात विस्मय आधी आहे. विजेला आणि ताऱ्याला हा शब्द नंतर मिळाला. या नोंदीतला क्रम वापराच्या प्रमाणावर लावलेला आहे, वयावर नव्हे. म्हणजे ‘१’ हा आकडा वडीलकी सांगत नाही.

तरीही ‘विस्मयातून उजेड निघाला’ एवढ्यावर थांबू नये, कारण मग कमरेतली चमक निराधार राहते. ग्राह्य निर्णय असा : मुळात झटका आहे. तो मनाला बसला तर विस्मय, डोळ्याला बसला तर प्रकाश, स्नायूला बसला तर कळ, लोकांच्या नजरेला बसला तर नाव. म्हणून ‘चमकणे’ची व्याख्या ‘प्रकाश देणे’ अशी कधीही करू नये. एकाएकी येऊन जाणे आणि त्या येण्या-जाण्याने जाणवणे, एवढी व्याख्या पाचही अर्थांना पुरते.

आता हीच कसोटी तू ‘लवणे’ आणि ‘स्फुरणे’ या दोन शब्दांना लाव. वीज लवते, पापणी लवते आणि फांदी फळांच्या भाराने लवते. बाहू स्फुरतो आणि कविताही स्फुरते. आधी प्रत्येक अर्थाची उदाहरणे गोळा कर, मग कर्ता कोण ते पाहा, मग कोणता काळ आणि कोणता प्रत्यय सोबत येतो ते टिपून ठेव. व्युत्पत्तीचा कंस सर्वांत शेवटी उघड. आधी उघडलास तर तो सांगेल तेच उदाहरणांत दिसू लागेल.